चिऱ्याच्या घराला गडद राखाडी?

प्रश्न : तळेरे नाक्यापासून थोडं आत आमचं नवं घर उभं राहतंय. चिऱ्याच्या भिंती, बाहेरून सिमेंटचा गिलावा. मुलाला बाहेरून गडद राखाडी रंग हवा आहे. माझे वडील म्हणतात, 'ह्यां घर काय गोडावन?' कोणाचं ऐकू?
– एक वाचक, तळेरे

उत्तर : मुलाची हौस वावगी नाही. तांबडी कौलं आणि उघडा चिरा यांच्या शेजारी राखाडी रंग फार खुलतो. अडचण दिसण्याची नाहीच, ती आहे उन्हाची आणि लोणा लागण्याची.

रंग किती उजेड परतवतो हे सांगणारा 'एलआरव्ही' नावाचा आकडा असतो. काळा शून्याकडे, पांढरा 100 कडे. गडद राखाडी सहसा 20 च्या आत भरतो, म्हणजे बहुतेक सगळं ऊन भिंत पिते. पूर्वेच्या भिंतीचं एक वेळ निभेल. पश्चिमेची भिंत मात्र एप्रिल-मेच्या दुपारी तापते आणि ती ऊब रात्री आतल्या खोलीत उतरते. ती भिंत फिकटच ठेवा, तिथे मुलाशी वाद घातलात तरी चालेल.

आता लोण्याचं. सिंधुदुर्गात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चिरा मुळातच सच्छिद्र. आत मुरलेलं पाणी सिमेंटमधले क्षार विरघळवतं आणि भिंत सुकताना ते पांढऱ्या पुडीसारखे बाहेर येतात. पांढऱ्या भिंतीवर ते कोणाच्या लक्षातही येत नाहीत. गडद राखाडीवर प्रत्येक ओघळ रस्त्यावरून दिसतो. म्हणून गिलावा उन्हाळ्यात झाला असेल तर गृहप्रवेशाची घाई रंगावर काढू नका. एक पावसाळा जाऊ द्या, छज्ज्यांखालून पाणी कुठे झिरपतं ते बघा, ते बंद करा आणि दिवाळीनंतर रंग काढा. आलेला लोणा पाण्याने धुवू नका, तो विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा आणि मग क्षाररोधक प्रायमर मारा.

गडद रंगाचा एक फायदा मात्र खरा आहे: गणपतीपर्यंत पांढऱ्या भिंतींवर चढणारी काळी बुरशी त्यावर झाकली जाते. (हिरवं शेवाळ झाकलं जात नाही.) पावळीच्या पाण्याने तांबडी माती जिथवर उडते, तो खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा मी तरी रंगवणार नाही. दर्जा नीट भरून चिरा तसाच उघडा ठेवीन.

माझं मत असं, की समोरची, स्लॅबच्या आडोशाची भिंत मुलाच्या मनासारखी होऊ दे, बाकी घर फिकट. शेड मात्र कार्डावरच्या बोटभर तुकड्यावरून ठरवू नका. मोठ्या भिंतीवर उन्हात तीच शेड फिकी वाटते आणि ढगाळ दिवशी निळसर. तीन फुटी चौकोन रंगवून सकाळ, दुपार, संध्याकाळ बघा. ठरलेल्या शेडचा कोड लिहून ठेवा आणि त्याच खेपेतला एखादा लिटर जास्तीचा घ्या. गडद भिंतीला नंतर वेगळ्या डब्यातला हात मारला, की ठिगळ दिसतं.