रघुजीराजांची फिरंग

नागपूरच्या भोसले राज्याचे संस्थापक पहिले रघुजीराजे (१६९५–१७५५) यांस शाहू महाराजांनी ‘सेनासाहेबसुभा’ हे पद दिले होते. त्यांची तलवार फिरंग जातीची होय. एकधारी सरळ पाते युरोपात घडलेले. मूठ मराठी धाटणीची, सोन्याच्या नक्षीची. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत, सोन्याने, धन्याचे नाव! परक्यांचे पोलाद उत्तम असल्यास ते घेण्यात मराठ्यांना कमीपणा वाटत नसे.

१८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरचा खजिना इंग्रजांच्या हाती पडला. तेव्हाच ही तलवार गेली असावी, असा तर्क आहे. एप्रिल २०२५ मध्ये ती लंडनच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांस घेतली. ११ ऑगस्टला सांस्कृतिक कार्यमंत्र्यांनी लंडनमध्ये तिचा ताबा घेतला. १८ ऑगस्टला ती मुंबईस पोचली.

हैदराबादच्या निजामाच्या संग्रहातून १९०५ साली चोरून विकलेली एक तलवार स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या संग्रहालयात होती. १९ ऑगस्ट २०२२ रोजी तेथे समारंभपूर्वक करार होऊन ती भारतास परत करण्याचे ठरले, आणि तेही मोल न घेता. लिलावात बोलीच बोलावी लागते. संग्रहालयास निदान ‘ही वस्तू तुमच्याकडे आली कशी?’ असे विचारता येते.