माइक आणि ट्रान्सीव्हर : जोडी कशी जमवावी?



हॅम रेडिओ म्हणजे हौशी माणसांनी सरकारी परवाना घेऊन चालवलेले रेडिओ केंद्र. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा काही हॅम मंडळी योगायोगाने अंदमानात आपली केंद्रे लावून बसली होती. टेलिफोन बंद पडल्यावर त्यांनी निरोप मुख्य भूमीवर पोचवले. अशा वेळी आवाज नुसता पोचून भागत नाही. नाव, गाव, आकडा स्पष्ट कळावा लागतो. ‘सात’चे ‘साठ’ ऐकू आले, तर औषधेही चुकीच्या हिशेबाने निघतील.

विज्ञान मंडळाच्या मुलांनी आम्हाला विचारले की, सभागृहातला डायनॅमिक माइक ट्रान्सीव्हरला जोडला तर आवाज बारीक का जातो? विश्वस्तांचाही प्रश्न होता, नवा माइक घ्यावा का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच हिशेबात आहे.

माइक किती देतो?

डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या फटीत हलते. आम्ही हिंदी माध्यमात याला ‘चल कुंडली’ म्हणून शिकलो. आवाजाने पडदा हलला की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. बाहेरून वीज द्यावी लागत नाही, पण मिळतेही फार थोडी. १ पास्कल ध्वनिदाबाला साधारण १ ते २ मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा हजारावा भाग किंवा त्याच्या दुप्पट.

इलेक्ट्रेट माइकच्या पोटात छोटा ट्रान्झिस्टर असतो. त्याला बाहेरून विद्युतदाब लागतो, पण तो सहसा जास्त व्होल्ट देतो. काही ट्रान्सीव्हर अशाच माइकसाठी बनवलेले असतात. त्यांना डायनॅमिक माइक जोडला की आवाज बारीक जाणारच. दोष माइकचा नाही, जोडी जमलेली नाही.

डेसिबलचा हिशेब

व्होल्टची तुलना डेसिबलमध्ये करतात. एवढे पाठ करा :

२ पट = ६ डेसिबल
१० पट = २० डेसिबल
१०० पट = ४० डेसिबल

पटींचा गुणाकार होतो तेव्हा डेसिबलची बेरीज होते. समजा, माइक २ मिलिव्होल्ट देतो आणि ट्रान्सीव्हरला २० हवेत. फरक १० पटींचा, म्हणजे २० डेसिबल. एवढी वाढ आपल्याला करायची आहे.

इम्पिडन्स विसरू नका

सभागृहातले माइक बहुधा १५० ते ६०० ओहमचे असतात. जुने काही माइक मात्र ५०,००० ओहमचे. असा माइक ६०० ओहमच्या इनपुटला जोडला, तर ५०,६०० पैकी फक्त ६०० भाग व्होल्ट इनपुटवर मिळतात, म्हणजे सुमारे चौऱ्याऐंशीवा हिस्सा. बाकीचे माइकच्या आतच खर्च होतात. म्हणून आधी माइकवरचा आकडा वाचा.

१० पट वाढीसाठी ट्रान्सफॉर्मर लावू, असे काही मुले म्हणाली. पण १:१० चा ट्रान्सफॉर्मर व्होल्ट १० पट करताना इम्पिडन्स १०० पट करतो. ६०० ओहमचा माइक ६०,००० ओहमचा दिसू लागतो, आणि ६०० ओहमच्या इनपुटवर पुन्हा तेच रडगाणे. येथे छोटा प्रीअ‍ॅम्प्लिफायरच हवा. एक ऑप-अ‍ॅम्प आणि १ किलोओहम व ९.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर यांची नॉन-इन्व्हर्टिंग जोडणी केली की १ + ९.१, म्हणजे सुमारे १० पट वाढ मिळते.

जोडताना काळजी

१. ट्रान्सीव्हरच्या माइक-पिनवर इलेक्ट्रेटसाठी डीसी विद्युतदाब असेल, तर मधे कपॅसिटर घाला. डीसी वेटोळ्यातून जाऊ देऊ नका. ६०० ओहमसाठी १ मायक्रोफॅरॅड घेतला, तर सुमारे २६५ हर्ट्झच्या वरचा आवाज नीट जातो. बोलण्याला साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ पुरतात.
२. तार जाळीचे आवरण असलेलीच घ्या. एवढ्या बारीक सिग्नलवर विजेची गुणगुण लगेच चढते.
३. पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. पुस्तिका पाहिल्याशिवाय सोल्डर करू नका.

आधी जवळ या, मग बटण फिरवा

सर्वांत स्वस्त उपाय शेवटी सांगतो. मोकळ्या जागी तोंडापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनिदाब निम्मा होतो. २० सेंटिमीटरवरून ५ वर आलात, तर साधारण ४ पट, म्हणजे १२ डेसिबल मिळतात. शिवाय हे १२ डेसिबल फक्त तुमच्या आवाजाचे असतात. माइक गेन वाढवला, तर पंख्याची घरघरही तेवढीच वाढते.

आता अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड लावा, कॉम्प्रेसर बंद ठेवा आणि नेहमीच्या आवाजात बोला. एएलसीचा काटा मोठ्या अक्षरांवर किंचित हलून आखलेल्या पट्ट्यात राहील, इतकाच गेन ठेवा. काटा पट्ट्याबाहेर गेला, तर आवाज मोठा न होता फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्यांना त्रास होतो. आकाश सर्वांचे आहे. शेजारधर्म तेथेही पाळायचा.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती एवढीच, की नव्या माइकची खरेदी तूर्त थांबवावी. मुलांनी आधी हा हिशेब करावा आणि प्रीअ‍ॅम्प्लिफायर स्वतः बांधून पाहावा. पालकांनी लक्षात ठेवावे की, डमी लोडवरची चाचणी असली तरी परवानाधारक व्यक्ती समोर असल्याशिवाय ट्रान्समिटचे बटण कोणी दाबायचे नाही.

गृहपाठ : माइक १ मिलिव्होल्ट देतो, ट्रान्सीव्हरला ४० हवेत. किती डेसिबल वाढ लागेल? कॅल्क्युलेटर न वापरता, वरच्या तीन ओळींवरूनच काढा. माइक चौपट जवळ आणला तर प्रीअ‍ॅम्प्लिफायरकडून किती पट वाढ घ्यावी लागेल, तेही लिहा.