अंधुक, धूसर, पुसट

चिंचवड येथे पवना नदीच्या तीरी श्रीमोरया गोसावी यांचे समाधिमंदिर आहे. सायंकाळी तेथील घाटावर क्षणभर उभे राहावे, म्हणजे दिवस कसा मावळतो ते नीट पाहावयास मिळते. प्रथम पाण्यावरची लकाकी जाते. मग पैलतीरावरील झाडांची पाने एकमेकांत मिसळतात. अखेर झाडांच्या केवळ काळ्या आकृती उरतात. या एका वेळेस आपल्या पूर्वजांनी किती नावे दिली आहेत! गाईगुरे धूळ उडवीत घरी परतत, म्हणून ती गोरज. घरोघर दिवे लागत, म्हणून ती दिवेलागण. जिवास उगाच हुरहुर लागे, म्हणून ती कातरवेळ.

इंग्रजी भाषेनेही हा देखावा आपल्या परीने टिपला आहे. ‘ट्वायलाइट’ या शब्दाच्या आरंभी ‘दोन’ या अर्थाचे एक जुने पद आहे. आपल्या ‘संधिप्रकाश’ या शब्दातही दिवस आणि रात्र या दोहोंचा सांधाच सुचविला आहे. ‘डस्क’ हा शब्द मात्र मुळात काळसर रंगाचा वाचक होता. कोणी सांधा पाहिला, कोणी रंग पाहिला, कोणी घरी परतणारी गुरे पाहिली!

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही संस्था स्थापन झाली. पुढे या परिसरात कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले आणि ही वस्ती चाकणपर्यंत पोहोचली. यंत्रांबरोबर इंग्रजी शब्दही आले. त्यांपैकी ‘डिम’ हा शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे. दिवा डिम, अक्षर डिम, चित्र डिम! परक्या भाषेतील शब्द घेण्यात कमीपणा नाही. परंतु एकाच शब्दावर सर्व भार टाकला, तर काय होते?

समजा, एखादा कामगार आपल्या वरिष्ठास म्हणाला, “साहेब, यंत्रावरचे आकडे डिम दिसतात.” वरिष्ठाने काय समजावे? दिवा मिणमिणता असेल, तर तो बदलावा लागेल. आकडे झिजून पुसट झाले असतील, तर ते पुन्हा रंगवावे लागतील. काचेवर तेलाचा थर बसून ती धूसर झाली असेल, तर फडके पुरेल. आणि त्या कामगाराची दृष्टीच अंधुक झाली असेल, तर त्याला नेत्रवैद्याकडे धाडावे लागेल. तक्रार एक, कारणे चार व उपायही चार! वरिष्ठाने केवळ दिवा बदलला आणि मोतीबिंदू तसाच वाढत राहिला, तर एका ढोबळ शब्दाची किंमत त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांना द्यावी लागेल.

इंग्रजीतही हे भेद आहेत. उजेड अपुरा असेल, तर ‘डिम’; उजेड भरपूर असूनही कडा विस्कटल्या, तर ‘ब्लर’; जे हळूहळू ओसरते, ते ‘फेड’ होते. मात्र या एका ‘फेड’साठी मराठीत पाहा: कापड विटते, फूल कोमेजते, सूर विरतो, आठवण पुसट होते.

याउलट, हवेच्या बाबतीत इंग्रजी अधिक काटेकोर आहे. आपण सरसकट ‘धुके’ म्हणतो. हवामानशास्त्रात मात्र हवेतील सूक्ष्म जलकणांमुळे १,००० मीटरहून कमी अंतरावरचेच दिसत असेल, तर त्यास ‘फॉग’ म्हणतात. त्याहून दूरचे दिसत असेल, तर ते ‘मिस्ट’. पाण्याऐवजी कोरड्या धूलिकणांनी दृश्य धुरकटले, तर ते ‘हेझ’. धूर आणि धुके एकत्र आले, तेव्हा इंग्रजांनी ‘स्मोक’ व ‘फॉग’ यांतून ‘स्मॉग’ हा शब्द घडविला. मराठीनेही त्याच रीतीने ‘धुरके’ हा शब्द केला. कारखान्यांच्या व वाहनांच्या या प्रदेशात तो शब्द ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण धुके उन्हाने विरते, परंतु धूर कमी करणे माणसाच्याच हाती असते.

प्रकाश मंदावला की वस्तूंचे भेद नाहीसे होतात. शब्द मंदावले की विचारांचेही तसेच होते. म्हणून ज्यास फळ्यावरची अक्षरे दिसत नसतील, त्याने ‘दिसत नाही’ एवढेच म्हणून थांबू नये. खडू पुसट आहे, उजेड मंद आहे, की आपली दृष्टी अंधुक आहे, हे त्याने गुरुजींस नेमके सांगावे. नेमका शब्द हाही एक दिवाच होय.

अभ्यास
१. कामगाराच्या तक्रारीची चार कारणे कोणती? प्रत्येकाचा उपाय सांगा.
२. ‘धुके’ व ‘धुरके’ यांतील भेद स्पष्ट करा.
३. तुमच्या गावातील सायंकाळचे वर्णन दहा ओळींत करा. ‘अंधुक’, ‘धूसर’ व ‘पुसट’ हे शब्द योग्य स्थळी योजा.