धान्याच्या कोठाराचे प्रार्थनामंदिर

उपासनेची वास्तू प्रत्येक वेळी नव्या पाषाणातूनच उभी राहते असे नाही. अन्य कार्यासाठी बांधलेल्या वास्तूही कालांतराने प्रार्थनास्थाने झाल्या आहेत. लंडनमधील क्यू या उपनगरातील संत फिलिप व सर्व संत यांचे चर्च हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तेथील लोक त्यास ‘कोठार-चर्च’ म्हणूनच ओळखतात.

ही वास्तू मूळची सरे परगण्यातील ऑक्स्टेड येथील धान्याचे कोठार. ते सतराव्या शतकातील असावे, असे मानले जाते. आपल्याकडे मळणी उघड्या खळ्यावर होत असे. इंग्लंडात मात्र पाऊस व थंडीमुळे ती छपराखाली करावी लागे. कोठाराच्या मध्यभागी मळणीची जागा व तिच्या दोन्ही अंगांस समोरासमोर मोठी दारे असत. दारे उघडली की वाऱ्याने भूस उडून जाई व धान्य खाली राही. पुढे मळणीयंत्रे आली आणि अशा कोठारांचे मूळ प्रयोजन संपले.

तथापि त्यांची बांधणी टिकाऊ होती. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून सांधे लाकडी खुंट्यांनी पक्के केले जात. त्यामुळे असा सांगाडा सुटा करून अन्यत्र पुन्हा उभारता येतो. ऑक्स्टेडपासून क्यू सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर आहे. तेथे १९२९ साली या कोठारातून चर्च उभे राहिले. विधिपूर्वक प्रतिष्ठापित झालेले इंग्लंडमधील हे पहिले कोठार-चर्च होय. २००२ साली त्याच्या पश्चिम भागात लोकोपयोगी दालन करण्यात आले. अशा रीतीने जुनी वास्तू उपासनेबरोबर समाजाच्याही उपयोगी पडत आहे.

महाराष्ट्रातील भाविकांस ही कथा परकी वाटू नये. आपला शेतकरी खळ्यात पादत्राणे घालून जात नाही. धान्याच्या राशीची पूजा करूनच तो माप घेतो. जेथे अन्नास असा मान मिळतो, ती भूमी देवकार्यास अयोग्य कशी ठरेल?

जीर्णोद्धाराचा संकल्प करताना हाच विचार ध्यानी ठेवावा. जुन्या सभामंडपाचे खांब व तुळया उतरविण्यापूर्वी जाणत्या सुताराकडून त्यांची परीक्षा करून घ्यावी. जे सुस्थितीत असेल ते राखावे आणि दात्याचे द्रव्य जे खरोखरच जीर्ण झाले त्यासाठी वेचावे. पूर्वजांच्या श्रमांचा मान राखणे हीदेखील सेवाच होय.