सोनेरी माशाची किरकोळ जखम व तिची शुश्रूषा

अलीकडे पुष्कळ घरांतून काचेची टाकी व तींत दोन-चार सोनेरी मासे दृष्टीस पडतात. मुलें त्यांस खाद्य घालतात, पाहुणे त्यांचें कौतुक करतात. परंतु त्यांपैकीं एखाद्याच्या अंगावरील खवला निघाला किंवा शेपटी फाटली, म्हणजे घरांत एकच धांदल उडते. कोणी हळद आणतो, कोणी मलम शोधतो, तर कोणी बाजारांतील औषधाची बाटली पाण्यांत रिकामी करतो. जो मासा जखमेनें मेला नसता, तो पुष्कळदां अशा उपचारांनीं मरतो. म्हणून ही जखम कशी भरून येते व तिला आपलें साहाय्य कोठवर हवें, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सोनेरी मासा हा मूळचा चीन देशांतील. आपल्याकडील रोहू व कटला हे त्याच्याच कुळांतील होत. सुंग राजवटीच्या काळीं (इ. स. ९६० ते १२७९) तेथील लोकांनीं तांबूस-पिवळ्या रंगाचे मासे निवडून तळ्यांत वाढविले व त्यांपासून पुढें नाना जाती निपजल्या. लांब झुळझुळीत शेपटी, वाटोळें पोट, बाहेर आलेले डोळे हीं माणसानें निवडून वाढविलेलीं लक्षणें आहेत. परंतु ज्या अवयवांनीं तो शोभिवंत दिसतो, तेच अणकुचीदार दगडावर घासतात, जाळ्यांत अडकतात व पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या नळीकडे ओढले जातात. डोळ्यांस पापण्या नसल्यामुळें त्यांनाहि इजा लवकर होते.

आतां माशाची त्वचा कशी असते तें पाहूं. खवले हें त्याचें सर्वांत बाहेरचें आवरण, अशी सामान्य समजूत आहे. पण ती खरी नाहीं. खवल्यांवर जिवंत त्वचेचा एक पातळ थर असतो व त्यावर बुळबुळीत चिकट द्रवाचें लेपन असतें. हें लेपन म्हणजे माशाचें चिलखतच होय. कोरड्या हातानें मासा उचलला असतां तें पुसलें जातें व रोगजंतूंना वाट मिळते. जखम झाली, म्हणजे आजूबाजूच्या त्वचेंतील पेशी सरकत येऊन थोड्याच अवधींत ती झांकूं लागतात. गळालेला खवला कांहीं आठवड्यांत पुन्हां उगवतो, व मूळ शाबूत असल्यास फाटलेला परहि वाढून येतो. भरत्या जखमेवर कधीं कधीं काळसर डाग दिसतो. तेवढ्यानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं.

जखमी माशावर आणखीहि एक संकट असतें. त्याच्या अंगांतील द्रव सभोंवतींच्या गोड्या पाण्याहून पुष्कळच खारट असतो. त्यामुळें पाणी सतत त्याच्या शरीरांत शिरूं पाहतें व तें मूत्रावाटें बाहेर टाकण्याचें श्रम त्यास अखंड करावे लागतात. त्वचा फाटली कीं हे श्रम वाढतात. पाण्यांत थोडें मीठ घातल्यानें मासा सांवरतो, त्याचें इंगित हेंच आहे.

मग करावें काय? सर्वांत पहिला उपचार म्हणजे स्वच्छ पाणी. मासे कल्ल्यांवाटें अमोनिया बाहेर टाकतात. तो पाण्यांत साठला म्हणजे जखम चिघळते. म्हणून रोज अगर एक दिवसाआड टाकींतील सुमारें चतुर्थांश पाणी काढून तितकेंच नवें पाणी घालावें. नवें पाणी टाकींतील पाण्याइतक्याच उष्णतेचें असावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन कल्ल्यांस बाधतो. तो चोवीस तास पाणी उघडें ठेवल्यानें बहुतेक निघून जातो. मात्र पाण्यांत क्लोरामीन असेल, तर तें अशा रीतीनें जात नाहीं. त्यासाठीं मत्स्यपालनाच्या दुकानांत मिळणारें शोधक द्रव्य घालावें लागतें.

दुसरी गोष्ट, इजेचें कारण दूर करावें. टाकींतील शोभेच्या वस्तूंवरून बोट फिरवून पाहावें. जी बोटाला टोंचते ती माशालाहि टोंचणारच. दुसरे मासे त्याचा पाठलाग करीत असतील, तर त्यास वेगळ्या भांड्यांत ठेवावें. त्यांत मूळच्या टाकींतील पाणी घालावें व हवा सोडणारी नळी ठेवावी. मासा जाळीनें न धरतां वाटींत पाण्यासह उचलावा. एखादाच खवला गेला असेल व कोणी त्रास देत नसेल, तर त्यास हालवूं नये हेंच श्रेयस्कर.

तिसरें मीठ. वेगळ्या भांड्यांत लिटरास १ ग्रॅम या प्रमाणानें साधें मीठ, अगोदर पाण्यांत विरघळवून, थोडें थोडें घालावें. म्हणजे २० लिटरांस २० ग्रॅम. चमच्याच्या अंदाजावर न राहतां तें तोलून घ्यावें. पाणी उडून जातें, परंतु मीठ मागें राहतें. यास्तव जेवढें पाणी काढलें तेवढ्यापुरतेंच मीठ पुन्हां घालावें. पाणवनस्पतींस मीठ सोसत नाहीं, म्हणून तें मोठ्या टाकींत घालूं नये.

हळद, जंतुनाशक अर्क व माणसाचीं मलमें यांपासून मात्र दूर राहावें. माणूस औषध जखमेपुरतें लावतो. मासा तर त्या औषधांतच श्वास घेतो! खाद्यहि बेतानेंच द्यावें, कारण न खाल्लेलें अन्न कुजून पाणी नासतें.

सोबतचे मासे एकाएकीं दडून बसले, तर तेहि आजारी पडले असें लागलेंच समजूं नये. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञानें १९३८ सालीं असें दाखवून दिलें कीं, मिनो नांवाच्या लहान माशाची त्वचा फाटली म्हणजे तींतून एक द्रव्य पाण्यांत मिसळतें व त्याच्या वासानें बरोबरचे मासे भयभीत होतात. सोनेरी मासा हा मिनोचा आप्तच. त्याच्या ठायींहि हा गुण आढळतो.

शुश्रूषेची मर्यादाहि ओळखली पाहिजे. जखमेवर कापसासारखे तंतू दिसूं लागले, तांबडेपणा पसरला, खवले उभे राहिले, मासा खाईनासा झाला किंवा एका कुशीवर तरंगूं लागला, तर ती जखम किरकोळ राहिली नाहीं. अशा वेळीं पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. कंटाळून मासा विहिरींत किंवा नदींत सोडून देणें हा तर दुहेरी अन्याय होय. कारण त्यानें त्या माशाचें हित होत नाहीं, व तेथील मूळच्या जलचरांनाहि धोका पोंचतो.

आपल्या देशांत १९६० च्या कायद्यानें प्राणी पाळणाऱ्यावर त्याच्या सुस्थितीची जबाबदारी टाकली आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येंत मासाहि येतो. परंतु कायद्यापूर्वींच आपलें मन हें सांगत असतें. कुत्रा विव्हळतो, मांजर ओरडतें. मासा मात्र मुकाट्यानें सोसतो. त्याचें दुःख कानांनीं नव्हे, तर डोळ्यांनीं ऐकावें लागतें. यास्तव, विद्यार्थिमित्रांनो, रोज खाद्य घालतांना क्षणभर थांबून आपल्या माशाकडे नीट पाहात जा. जो वेळीं पाहतो व धीर धरून पाणी स्वच्छ राखतो, त्याला औषधाच्या बाटलीची गरज क्वचितच पडते.