वाटेत अंत्ययात्रा आली तर

समोरून अंत्ययात्रा येताना दिसली, तर गाडी बाजूला घेऊन थांबावं का? माझं उत्तर सरळ आहे. गावातल्या आणि शहरातल्या रस्त्यावर थांबावं. चौपदरी महामार्गावर मात्र एकदम थांबू नये, वेग उतरवावा आणि लांबची लेन धरावी. तसे आपल्याकडे थांबणारे लोक पुष्कळ आहेत. एसटीचे चालक थांबतात, रिक्षावाले थांबतात, उसाचा ट्रॅक्टरवाला तर इंजिनही बंद करतो. गडबड होते ती कुठं थांबायचं आणि पुन्हा केव्हा निघायचं, यात. म्हणून ही कृती.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन दलाच्या बंबाला जसा रस्ता द्यावाच लागतो, तसा अग्रहक्क अंत्ययात्रेला नाही. १९८९च्या रस्ते-नियमांत कोणत्याही मिरवणुकीजवळून जाताना ताशी २५ किलोमीटरच्या वर जाऊ नये, असं सांगितलं होतं. २०१७ साली नवी नियमावली आली, तरी डोक्यात ठेवायला तो आकडा चांगला आहे. ताशी ८०नं गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, २५नं ७ मीटर. हॉर्नचं म्हणाल, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्न वाजवल्यास पहिल्या वेळी १,००० आणि पुढं २,००० रुपये दंड आहे. तेव्हा थांबणं ही आपली रीत असली, तरी भोंगा न वाजवणं हा कायदाच आहे.

१. लांबून ओळखा. रस्त्यावर ताज्या लाह्या, झेंडूच्या पाकळ्या, गुलाल किंवा बुक्का पडलेला दिसला की यात्रा पुढं आहे असं समजा आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. काच थोडी खाली करा. टाळ-मृदंग ऐकू येईल, कुठं हलगी, कुठं ‘श्रीराम जयराम जयजयराम’, कुठं ‘बुद्धं सरणं गच्छामि’, कुठं कलमा, वसईकडं किंवा गोव्यात बँडचे संथ सूर. हलगी वरातीतही वाजते, त्यामुळं निव्वळ आवाजावर जाऊ नका. लिंगायत समाजात मृतदेह बसलेल्या स्थितीत, सजवलेल्या विमानातून नेतात. परगावच्या चालकाला ती देवाची पालखी वाटते. वाटेना का. करायचं तेच आहे.

२. ब्रेकआधी आरसा. मागं डंपर चिकटलेला असेल आणि तुम्ही श्रद्धेनं कचकन ब्रेक दाबलात, तर एका अंत्ययात्रेपायी दुसरी निघायची. ब्रेकला दोनदा हलका पाय लावा, मागचा दिवा लुकलुकू द्या, डावा इंडिकेटर द्या आणि मग सावकाश बाजूला घ्या.

३. जागा बघून थांबा. वळणावर नको, पुलावर नको, चढाच्या माथ्यावर तर नकोच. पावसाळ्यात साइडपट्टीची माती भुसभुशीत झालेली असते. डावी चाकं तिच्यात उतरवलीत तर गाडी रुतेल आणि ज्यांना वाट द्यायची तेच लोक तुम्हाला ढकलायला येतील. कोकणातल्या अरुंद रस्त्यावर साइडपट्टीच नसते. तिथं अलीकडच्या रुंद जागेतच थांबून घ्यावं. आणखी एक जागा लोक हमखास चुकतात. स्मशान बहुतेक गावांत नदीच्या किंवा ओढ्याच्या काठी असतं. त्यामुळं यात्रा सरळ तुमच्या अंगावरून जाईलच असं नाही, मध्येच पाणंदीत वळेल. नदीकडं उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी, ‘अमरधाम’ किंवा ‘मोक्षधाम’ अशा कमानीसमोर गाडी लावून हात जोडून उभं राहिलात, तर वाट अडवणारे तुम्हीच.

४. थांबल्यावर. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर, गाणी बंद. चारही इंडिकेटर आता लावा. चालत्या गाडीत ते लावून फिरायची जी फॅशन आहे, तिनं मागच्याला काहीच कळत नाही. रात्र असेल तर हेडलाइट डिपरवर घ्या. बॅटऱ्यांच्या उजेडात चालणाऱ्या माणसांच्या डोळ्यांत अप्पर मारला की त्यांना पायाखालचा खड्डा दिसत नाही, आणि त्यांच्या खांद्यावर ओझं असतं. नमस्कार करायचा तो आता करा, स्टिअरिंग सोडून चालत्या गाडीत नव्हे. दुचाकीवाल्यानं हेल्मेट काढायची गरज नाही. पाय टेकून उभं राहिलं तरी मान दिल्यासारखंच आहे. कामाला निघताना प्रेत आडवं येणं हा शुभशकुन मानणारे पुष्कळ जण आहेत. तुम्ही मानत असाल तर मनात माना. शकुनाच्या आनंदात मोबाइल काढून चित्रण करू नका.

५. समोरून येत असेल तर. हे सोपं आहे. माणसं तिरडी घेऊन ताशी चारेक किलोमीटरनं चालतात. साठ मीटर लांबीची यात्रा तुमच्यासमोरून जायला मिनिटभर लागतं. सिग्नलला आपण यापेक्षा जास्त थांबतो.

६. तुमच्याच दिशेनं पुढं चालली असेल तर. खरी कसोटी इथं लागते, कारण दहा-पंधरा मिनिटं मागं राहावं लागतं आणि मागून हॉर्नचा मारा सुरू होतो. पंधरावीस मीटर अंतर ठेवा. शेवटच्या माणसाच्या पोटऱ्यांना गाडीच्या इंजिनाची ऊब लागावी इतकं जवळ जाऊ नका. बहुतेक वेळा मागच्यांपैकी कुणीतरी वळून बघतं, लोकांना डावीकडं दाबतं आणि हातानं ‘या’ म्हणून खुणावतं. तोपर्यंत थांबा. खूण झाली की उजवीकडून, चालण्याच्या वेगापेक्षा थोड्याच जास्त वेगानं, मधे एक माणूस हात पसरून उभा राहील एवढं अंतर सोडून पुढं जा.

पुढं जाताना तीन गोष्टी ठाऊक हव्यात.

पहिली, खांदा बदलणं. खांदा सोडणारा माणूस उजवीकडं रस्त्यात पाऊल टाकतो आणि तिरडी पुढं जाऊ देतो. त्या क्षणी त्याचं लक्ष तिरडीवर असतं, मागून येणाऱ्या गाडीवर नसतं. जनाज्यात तर खांदा फार झपाट्यानं बदलतो. चार पावलं चालून माणूस बाजूला होतो, दुसरा घुसतो, आणि चालही वेगवान असते. गर्दीची कड सतत आतबाहेर होत राहते. म्हणून तिरडीच्या अगदी बरोबरीनं गाडी रेंगाळत ठेवू नका.

दुसरी, विसावा. घर आणि स्मशान यांच्यामध्ये ठरलेल्या जागी तिरडी जमिनीवर ठेवतात, पुढचे खांदेकरी मागं जातात, मागचे पुढं येतात. ही जागा भर रस्त्यातही असू शकते. यात्रा थांबली, लोक पांगले, थोडी फट पडली, की चालकाला वाटतं हीच वेळ साधावी. नेमकी हीच वेळ टाळायची. त्या दोनतीन मिनिटांत माणसं खाली वाकलेली असतात, कुणी कुणाच्या गळ्यात पडून रडत असतं आणि दिशा सगळ्यांच्याच बदलत असतात. ‘उचला’ असा आवाज येईल, यात्रा पुन्हा एका लयीत चालू लागेल, मग बघा.

तिसरी गोष्ट बाहेरगावच्यांना आणि हल्लीच्या पोरांनाही माहीत नसते. यात्रेचं टोक म्हणजे तिरडी नव्हे. तिच्या पुढं दहापंधरा पावलांवर एकटा माणूस चालत असतो. हातात दोरीला लटकवलेलं मडकं, त्यात घरून घेतलेला अग्नी, अंगावर ओलं धोतर, बहुधा अनवाणी. तिरडीला मागं टाकलं म्हणजे यात्रा संपली असं समजून गाडी डावीकडं घालणारे थेट त्याच्या अंगावर जातात, किंवा तो आणि तिरडी यांच्यामधून घुसतात. तसं घुसू नये. ज्याचं माणूस गेलंय तोच हा. तो वळून बघणार नाही आणि बाजूलाही होणार नाही, असं धरूनच चाला. त्याच्याही पुढं निघून गेल्यावर डावी लेन धरा.

७. लगेच निघू नका. मुख्य घोळका गेला की आपण गिअर टाकतो. मागं काठी टेकत येणारे दोघे म्हातारे, चपला हातात घेतलेला एखादा पोरगा, ट्रिपल सीट दुचाक्या आणि लाकडं-गोवऱ्या भरलेली ट्रॉली अजून यायची असते. ट्रॉलीला मागं दिवा नसतोच, हे गृहीत धरा. तासा-दीड तासानं त्याच रस्त्यावरून परतलात, तर माणसं विखरून परत येताना भेटतील. त्यांच्याही बाबतीत हाच सबुरीचा हिशेब.

८. महामार्गावर. रस्ता चौपदरी झाला आणि अनेक ठिकाणी गाव एका बाजूला, स्मशान दुसऱ्या बाजूला पडलं. तिरडी दुभाजकाच्या फटीतून न्यावी लागते. इथं श्रद्धेपेक्षा डोकं जास्त लागतं. यात्रा कडेनं चालली असेल तर थांबू नका. वेग उतरवा, आरसा बघून एक लेन सोडा आणि निघून जा. ती रस्ता ओलांडत असेल तर मात्र थांबायचंच. लांबूनच चारही इंडिकेटर लावा आणि माणसांपासून तीसचाळीस मीटर अलीकडं थांबा, म्हणजे मागून कुणी ठोकलंच तरी तुमची गाडी त्यांच्यावर जाणार नाही. या कलमातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: डाव्या लेनमध्ये ट्रक विनाकारण थांबलेला दिसला, तर त्याला उजवीकडून ओलांडू नका. त्याच्या आडून माणसं येत असतात.

९. मागून रुग्णवाहिका आली तर. जिवंत माणूस आधी. इथं संकोच नको. क्लिनरला किंवा शेजारी बसलेल्याला उतरवून यात्रेच्या मागच्या लोकांना सांगायला पाठवा. आपले लोक क्षणात रस्ता करून देतात, तिरडीसुद्धा कडेला घेतात. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अंत्ययात्रा पुढं होती म्हणून मी रस्ता अडवून थांबलो, ही सबब तिथं पुरणार नाही.

१०. शववाहिनी. पुण्यात वैकुंठाकडं किंवा मुंबईत चंदनवाडीकडं जाणारी यात्रा आता बहुतेक वेळा गाडीतूनच जाते. तिला लेनमध्ये शिरायचं असेल तर शिरू द्या. तिच्यामागच्या दोनचार गाड्या नातेवाइकांच्या असणार, त्यांच्यात नाक खुपसू नका. एवढं पुरे. नातेवाइकांनी मात्र ध्यानात ठेवावं की सिग्नल त्यांच्यासाठीही लालच असतो. ताफा तुटू नये म्हणून लाल दिवा तोडण्यापेक्षा ‘स्मशानाच्या फाटकाशी भेटू’ असं निघतानाच ठरवा आणि ज्याचे डोळे भरून येताहेत त्याच्या हातात स्टिअरिंग देऊ नका.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना याहून वेगळा अनुभव येतो. तिथं यात्रा म्हणजे मोटारींची रांग, भरदिवसा हेडलाइट लावलेली. दक्षिणेकडच्या राज्यांत समोरच्या दिशेनं येणारे चालकही कडेला थांबतात. तो रिवाज आहे. मात्र रांग न तोडणं हा अनेक राज्यांत कायदा आहे: पुढची गाडी हिरव्या दिव्यावर चौकात शिरली की तिच्या मागची रांग दिवा लाल झाला तरी जाऊ शकते, आणि तुमचा दिवा हिरवा असला तरी तुम्ही मध्ये घुसायचं नाही. राज्याराज्यांत फरक आहे, तेव्हा आपल्या राज्याचं ड्रायव्हिंगचं पुस्तक एकदा चाळा. इंटरस्टेट महामार्गावर तिथंही थांबायचं नाही.

आता दोन शब्द यात्रा काढणाऱ्यांसाठी, कारण टाळी एका हातानं वाजत नाही. रस्त्याची डावी अर्धीच बाजू धरा. सगळ्यांत मागं दोन ताठ माणसं ठेवा, दिवसा हातात लाल फडकं आणि अंधार पडल्यावर बॅटरी. हे काम भावकीतल्यापेक्षा शेजाऱ्यांकडं द्यावं, त्यांचं डोकं जाग्यावर असतं. काही ठिकाणी पैसे उधळतात. ते वेचायला पोरं थेट चाकाखाली धावतात, म्हणून चालत्या रस्त्यावर तरी उधळू नका. फटाके तर नकोतच.

तुमच्या गावाजवळून नवा रस्ता जाणार असेल आणि मोजणीचे दगड पडायला लागले असतील, तर ग्रामसभेत एक प्रश्न आताच विचारा: स्मशानाकडं जायला भुयारी मार्ग आहे का? नसेल तर तसा ठराव करून घ्या. रस्ता पूर्ण झाल्यावर तो मिळणं फार कठीण जातं.