बोर्डावरचा भाव नेमका कोणाचा?

प्रश्न : मोबाइलच्या दुकानात घासाघीस करून पाहिली, पण दुकानदार बोर्डावरच्या आकड्याखाली उतरेना. ‘एमओपीच्या खाली विकलं तर कंपनी माल बंद करते,’ म्हणाला. आणखी दोन दुकानांत तोच आकडा. खोक्यावरची एमआरपी मात्र बरीच जास्त आहे. कंपनीला असा भाव बांधून देता येतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एमआरपी ही वरची मर्यादा. तिच्यापेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे, कमी घेणं नाही. एमओपी, म्हणजे मार्केट ऑपरेटिंग प्राइस, हा कंपनी आणि व्यापारी यांच्यातला आकडा. कंपनीने तो नुसता सुचवला, तर हरकत नाही. पण ‘याखाली विकाल तर याद राखा’ असं बजावलं, की स्पर्धा कायदा, 2002 मधलं कलम 3(4) आड येतं. तरीही अशी सक्ती आपोआप बेकायदा ठरत नाही. तिने बाजारातल्या स्पर्धेला लक्षणीय बाध येतो, हे दाखवावं लागतं. म्हणून मी कागदावरच्या शब्दांपेक्षा एकच गोष्ट आधी पाहीन : भाव उतरवणाऱ्याला शिक्षा होते का?

मारुती सुझुकीच्या प्रकरणात स्पर्धा आयोगाने नेमकं हेच पाहिलं. कंपनीने ठरवलेल्या सवलतीपेक्षा जास्त सूट डीलरने द्यायची नाही, असा दंडक होता. तो पाळला जातो का हे बघायला गिऱ्हाईक बनून माणसं शोरूममध्ये पाठवली जात. जादा सूट कबूल केल्याचं ध्वनिमुद्रण कंपनीकडे जाई, आणि मग दंड नुसत्या डीलरला नाही, विक्री करणाऱ्या कर्मचाऱ्यालाही! ऑगस्ट 2021 मध्ये आयोगाने कंपनीला 200 कोटींचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली आणि दंडाला स्थगिती मिळाली. अशाच कारणावरून ह्युंदाईला झालेला 87 कोटींचा दंड तर अपिलात रद्दच झाला, कारण आयोगाने पुरावा स्वतः तपासला नाही, असं न्यायाधिकरणाला वाटलं. म्हणजे लढाई शेवटी पुराव्याचीच.

कंपन्यांचं म्हणणं असं, की भाव बांधला नाही तर लोक शोरूममध्ये वस्तू हाताळून, माहिती घेऊन, खरेदी मात्र स्वस्त ठिकाणी करतील आणि चांगली सेवा देणारा दुकानदार बुडेल. यात तथ्य आहे. पण सेवा हवी तर तिचे पैसे दुकानदाराला वेगळे द्यावेत. बांधलेला भाव त्याला सेवा द्यायला लावत नाही, फक्त नफ्याची हमी देतो. शिवाय पाठवलेलं खोटं गिऱ्हाईक सेवा तपासत नाही, सूट शोधतं. हेतू तिथेच उघड होतो. ‘दुसरा ब्रँड घ्या’ हे उत्तरही लंगडं आहे. मोठ्या कंपनीचा भाव खाली येणार नाही अशी खात्री असली, की प्रतिस्पर्ध्यालाही आपला भाव उतरवायची निकड उरत नाही.

तीन दुकानांत एकच आकडा, एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. माल बंद करण्याची धमकी लेखी असेल, तर तिचं वजन वेगळं. असा कागद व्यापाऱ्याकडेच असतो, त्यामुळे त्याने तोंड उघडणं महत्त्वाचं. मारुतीची चौकशीही एका निनावी ईमेलवरून सुरू झाली होती. पाठवणाऱ्याने स्वतःची ओळख डीलर एवढीच दिली होती, आणि तक्रार मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्राची आणि गोव्याची होती.